भेंडी मोडून बघणारी पद्मजा

पद्मजा राणे भेंडी निवडायला लागली की भाजीवाला तोंड फिरवतो. शेपूट मोडून बघितल्याशिवाय ती एकही भेंडी पिशवीत टाकत नाही. मालाडच्या ऑफिसात मी तिच्या शेजारी बसते. हा संशयी स्वभाव रोज सोसणं सोपं नाही. मी आणलेली चटणीसुद्धा ती आधी हुंगते, मग खाते. मला रागच येतो.

तिचे बाबा, काशीराम, पूर्वी गिरणीत होते. आता त्यांना दिसत नाही. औषधाच्या पाकिटावर केमिस्टने चिकटवलेली चिठ्ठी ते फोनसमोर धरतात आणि फोन ती मराठीत वाचून दाखवतो. त्यामागची लायब्ररी, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा तयार कोड, पद्मजा आणि आमच्याच ऑफिसातला देवव्रत मोकळ्या वेळात सांभाळतात. बाबांना औषधासाठी कुणाला विचारावं लागू नये, एवढ्यासाठीच ती यात पडली. तरी बाबा फोनचं ऐकून पुन्हा तिलाच विचारतात, आणि ती चिडते.

यंदा देवव्रतने लायब्ररी नव्याने लिहिली. कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या मात्र जुन्याच लावल्या. त्यात वावगं काही नव्हतं. वर्षानुवर्षं वापरून पक्क्या झालेल्या चाचण्या कोण फेकून देईल? संध्याकाळी नवी लायब्ररी सगळ्यांसाठी खुली करायची होती. दुपारी चाचण्या चालवल्या, तर सगळीकडे हिरव्या खुणा, म्हणजे सगळं पास.

"झकास!" देवव्रत म्हणाला.

"पहिल्याच फटक्यात? मला नाही पटत," पद्मजा म्हणाली.

"अगं, सगळं नीट झालं तर तुझं काय बिघडतं?"

मलाही तेच विचारायचं होतं. नव्या कोडमध्ये पद्मजाने मुद्दाम घोळ घातला, 'दोन'च्या जागी 'सात' वाचायला लावलं आणि चाचण्या पुन्हा चालवल्या. हिरव्या. मग तिने अर्धी फाइलच उडवली. तरीही हिरव्या.

शोधल्यावर कारण सापडलं. देवव्रतच्या मशीनवर जुनी लायब्ररी तशीच पडून होती आणि चाचण्या तिलाच तपासत होत्या. नव्या कोडला त्यांनी हातही लावला नव्हता.

"वाट लागली यार," देवव्रत पुटपुटला. त्याने कोड पूर्ववत केला आणि चाचण्या नव्या लायब्ररीकडे वळवल्या. एक लाल खूण उमटली. ½ हे चिन्ह नवी लायब्ररी चक्क गिळून टाकत होती. '½ गोळी' लिहिलेलं असताना फोनने नुसतंच 'गोळी' वाचलं असतं.

पद्मजाच्या बाबांची रक्त पातळ करणारी गोळी अर्धीच असते.

लायब्ररी त्या दिवशी खुली झाली नाही. संध्याकाळी मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. काशीरामांनी पाकीट फोनसमोर धरलं. त्यांच्या फोनमधल्या जुन्या लायब्ररीने नीट वाचलं, 'अर्धी गोळी'. तरी त्यांनी लेकीच्या दिशेने मान वळवली.

"पद्मा, अर्धीच मां गो?"

एरवी ती फणकारली असती. तिने त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं, चिठ्ठी स्वतः वाचली, गोळी मोडली आणि अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अर्धीच, बाबा. विचारत जा."