कडवळाचे दोन पट्टे

आमचे मालक कान्ह्याच्या स्टेशनावरून बैलगाडीने व्यापाऱ्यांचा माल वाहायचे. घर त्या बैलजोडीवरच चालायचं. एका वर्षी वैरणीची ओढाताण झाली, म्हणून माळाच्या तुकड्यात त्यांनी कडवळ, म्हणजे चाऱ्याची दाट ज्वारी, पेरायचं काढलं. निम्म्या रानात वडगावच्या बाजारातलं जाड ताटाचं बी, निम्म्यात माझ्या माहेरचं. माझं माहेर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, तिथली ताटं बारीक.

"ह्यो चारा हाय का केरसुणी?" मालक म्हणाले. मी हसले, पण मनाला लागलंच.

पुढं पावसानं तोंड फिरवलं. त्यांची ज्वारी पिवळी पडली तरी उंच होती. माझी गुडघ्यालाच थांबली, पानांच्या सुरळ्या झाल्या. मालकांनी बैल विकायचं मनावर घेतलं, बाजारात न्यायला बैलांच्या तोंडाला बांधायच्या नव्या दोऱ्या, म्होरक्यासुद्धा आणल्या. एक दिवस बैल सोडून म्हणाले, "तुजा पट्टा तर गेला. ह्यास्नी तरी चारून घेतो."

मी बांधावर आडवी आले. "नगा. आशी थांबलेली ज्वारी इख असती. माज्या माहेरी गाय गेली त्यानं. आन ती मेली न्हाई, पान्याची वाट बघती हाय."

त्यांना पटलं नाही, पण त्यांनी बैल माघारी नेले.

हस्ताचा पाऊस आला तोवर त्यांची ज्वारी वाळून आडवी झाली होती. ती काही उठली नाही. माझ्या पट्ट्यातल्या सुरळ्या मात्र उलगडल्या आणि बघता बघता ताटं माझ्या डोक्यावर गेली. मी कामं टाकून बांधावर जाऊन बसायची. जे पान बैलाचा जीव घेणार होतं तेच आता त्याला जगवणार, हे डोळ्यांनी बघूनही मला खरं वाटेना. अल्लाची करणी, दुसरं काय म्हणणार?

कापणी झाली, पेंढ्या वाळल्या. मालकांनी कावडीच्या एका टोकाला आपल्या एका ओळीची वैरण बांधली, दुसऱ्या टोकाला माझ्या तेवढ्याच ओळीची, आणि कावड खांद्यावर घेतली. ती माझ्या बाजूला कलली. त्यांनी खांदा जरा सरकवून पाहिला, तरी कललीच.

मग ते गोठ्यात गेले आणि बैलांना त्या नव्या म्होरक्या घालू लागले. मला वाटलं, निघाले बाजाराला. पण बैल आणून त्यांनी माझ्यापुढंच उभे केले.

"पयली पेंढी तू टाक," ते म्हणाले. "तुज्या माहेरची हाय."