गेलेल्या अक्षराची जागा

वनस्पतिशास्त्र सोडून जैवमाहितीशास्त्राकडे वळले, तेव्हा हातातली पानं सुटली आणि पडद्यावर नुसती डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं उरली. भाताच्या दोन वाणांचं एकच जनुक मी अक्षराखाली अक्षर ठेवून मांडलं होतं. सुरुवातीला जुळत होतं, पुढे मात्र काहीच जुळेना. या दोन वाणांचं नातंच नाही, असं मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगून टाकलं.

मॅडमनी खालच्या ओळीत एका ठिकाणी फक्त एक आडवी रेघ घातली. पुढची सगळी अक्षरं एक घर सरकली आणि ओळ शेवटपर्यंत जुळली.

"इथलं एक अक्षर गळलंय गं," त्या म्हणाल्या. "गेलेल्याची जागा धरायची. नाहीतर मागचे सगळे उगाच परके दिसतात."

त्या गेल्या, तरी मी त्या रेघेकडेच बघत बसले. बाबा गेल्यावर पोकळी दिसू नये म्हणून जेवताना आम्ही एकेक पाट पुढे सरकलो होतो. दादा बाबांच्या जागी, मी दादाच्या. तेव्हापासून आई दादाच्या ताटात बाबांएवढा भात वाढते आणि तो चिडतो. मी तर घरी जायचंच टाळत आले.

यंदा सुट्टीत गेले. जेवायला बसताना म्हटलं, "दादा, तू तुझ्या जागेवर बस ना."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग आपल्या जुन्या पाटावर सरकला. मीही माझ्या जुन्या पाटावर बसले. आई भाताचं पातेलं घेऊन आली. बाबांच्या रिकाम्या पाटापाशी बराच वेळ थांबली. मग पुढे झाली आणि दादाच्या ताटात त्याला लागतो तेवढाच भात वाढला.