माफ न करता

दुबईचं पहिलं दर्शन मला रागातच झालं. विमान उतरताना खाली वाळूच वाळू दिसत होती आणि डोक्यात एकच होतं: याच गावात माझ्या नवऱ्याने, संदीपने, दुसरा संसार मांडला. घटस्फोट होऊन गेला होता. आता तो लग्न करणार होता आणि त्याआधी मी त्याला माफ करावं, अशी त्याची इच्छा होती. वर तोंड करून मागतोय, बघा!

धाकटी बहीण लीना अल मनखूलला राहते. तिच्या इमारतीखाली आम्ही करक (दाट, गोड दुधाचा चहा) प्यायलो.

“ताई, करून टाक ना माफ. उद्या संध्याकाळी तो घरी येतोय.”

चहा फक्कड होता, सल्ला नासका.

दुसऱ्या दिवशी दुपारी “यल्ला, चल” म्हणत तिने मला मिलोंगाला (टँगो नाचणाऱ्यांच्या बैठकीला) नेलं. एका हॉटेलातला गारढोण हॉल होता. सकाळी लीनाने चार पावलं शिकवली होती, त्या बळावर तिच्या टँगोच्या वर्गातल्या, वसईच्या फ्रान्सिसबरोबर मी उभी राहिले. पहिलं गाणं संपलं. मी रीतीप्रमाणे “थँक यू” म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला खुर्चीपर्यंत सोडलं आणि ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. मी भडकलेच.

लीनाने कपाळाला हात लावला. “अगं, इथे एका जोडीने तीन-चार गाणी सलग नाचायची असतात. मध्येच थँक यू म्हणजे, बस, तुमच्याबरोबर पुढे नाही!”

मी जाऊन त्यांची समजूत घातली. ते हसले.

“पण तुम्ही काही विचारलं का नाही?”

“मॅडम, इथे रीझन विचारत नाहीत.”

“राग नाही आला?”

“आला ना! डोकं एकदम गरम. पण म्हणून काय हात धरून ठेवायचा?”

“आणि ही गाणी? फार गोड वाटतात.”

“कसली गोड! अर्धी तर सोडून गेलेल्या बाईला शिव्या आहेत. माफ कोण करतो? रडतात, चिडतात, तरी जाऊ देतात.”

मला एकदम बरं वाटलं. इतके दिवस सगळे मला सांगत होते, राग सोड म्हणजे माणूस सुटेल. सगळे खोटं सांगत होते.

संध्याकाळी संदीप आला. “मनात काही ठेवू नकोस,” म्हणाला.

“ठेवणार. तू मला फसवलंस, माफी मिळणार नाही. पण लग्न खुशाल कर. मी आड येणार नाही, फोन करणार नाही, तूही करू नकोस.”

तो माफीसाठी घुटमळत राहिला. मी त्याच्या चपला पुढे सरकवल्या. तो गेल्यावर लीनाच्या हातची आमटी मी दोन वाट्या ओरपली.

घरी परतले तर शेजारच्या काकू जिन्यातच उभ्या. “काय गं, मिटलं का एकदाचं?”

“मिटलं नाही काकू, संपलं,” मी म्हटलं आणि बॅग उचलून वर गेले.