पेढ्यांचा पुरावा

हॉस्पिटलच्या वकिलांनी उभं राहून सगळ्यात आधी माझे पेढे काढले.

"तक्रारदार बाई टाके निघाल्यावर स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या, डॉक्टरांच्या पाया पडल्या. उपचारांबद्दल त्या पूर्ण समाधानी होत्या, याला आणखी काय पुरावा हवा?"

ग्राहक आयोगाच्या त्या खोलीत मी खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि कान गरम झाले होते. कारण पेढे मी खरंच दिले होते. चांगले केशरी, स्टेशनजवळच्या दुकानातले.

माझं माहेर चाळीसगावच्या पुढे. तिकडे बरं वाटलं की डॉक्टरकडे काहीतरी घेऊन जायची रीत आहे. आई शेंगा न्यायची, वांगी न्यायची, काहीच नसलं तर घरचं लिंबू. दवाखान्याच्या पायरीवर पिशवी ठेवली की तिला हलकं वाटायचं. इथे माझं शेत नाही, म्हणून मी पेढे नेले. या रीतीचं कोणी असं करील, हे आईच्या स्वप्नातही आलं नसतं.

शाळा माझी सातवीतच सुटली आणि वसईजवळ वालीवच्या एका गाळ्यात मी शाळेची दप्तरं शिवते. शिवत होते म्हणायला हवं. आम्ही राहतो गासला, एका वाडीच्या मागच्या खोलीत. नवरा टेम्पो चालवतो, एक पोरगी आहे. वाडी ज्यांची, त्या आमच्या घरमालकीणबाई इथल्याच, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला 'बाय' म्हणतात. इकडे माझं म्हणावं असं माणूस म्हणजे मावशीच. त्यांच्याच लोणच्याची काचेची बरणी धुताना ती माझ्या हातात फुटली आणि उजवा तळवा चिरला. मावशींनी टॉवेल गुंडाळला, रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. हॉस्पिटल खाजगी, आणि मालक तेच मोठे डॉक्टर.

डॉक्टरांनी जखम धुतली, बघितली, टाके घातले. हात हलका होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. मावशींनीच विचारलं, "डॉक्टर, तिची बोटं वाकतील ना? मशीनवर काम करते ती."

"मावशी, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

डॉक्टर स्वतःच हसले, मग नर्स हसली, कंपाउंडर हसला. आणि माझ्याच हाताचं चाललेलं असताना मीसुद्धा हसले.

टाके निघाले, जखम सुकली, मी पेढे दिले. पण मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही सरळच राहिली. काठीसारखी. मी दाखवायला गेले तर म्हणाले सूज आहे, शेक द्या. पुन्हा गेले तर म्हणाले व्यायाम करा, आळस नको. आणखी एकदा गेले तेव्हा केसपेपरवरून मान वर न करता म्हणाले, "तुम्ही फार टेन्शन घेता हो. मनाचं आहे हे सगळं."

मी घाबरट आहे, हे सगळ्या गाळ्याला माहीत आहे. कुकरची शिट्टी जरा उशिरा झाली तरी मी गॅस बंद करते. म्हणून मला ते पटलं. हेच मला आज सहन होत नाही. घरी बसून मी त्या दोन बोटांना समजावत होते, घाबरू नका, वाका. गाळ्यात सुपरवायझर रोज विचारायचा, "काय ताई, अजून सुट्टीच का?" शेवटी माझ्या मशीनवर दुसरी बाई बसली.

मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मावशीच मला घेऊन गेल्या. तिथे गर्दी ही अशी. नंबर आला तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरबाई होती, डोळे झोपेने सुजलेले. नाव विचारायच्या आधी ती म्हणाली, "मूठ मिटा."

मी मिटली. दोन बोटं वर राहिली.

"पहिल्या दिवशी मूठ मिटायला सांगितली होती ना?"

"नाही."

"टाके घालायच्या आधी? नंतर?"

"कधीच नाही."

मग तिने स्वतःचा तळवा पुढे करून समजावलं. बोट वाकवणाऱ्या दोऱ्या तळव्यातून जातात. आपण ज्याला नस म्हणतो ती नव्हे, वेगळी. माझ्या दोन दोऱ्या काचेने कापल्या होत्या आणि वरून कातडी शिवून टाकली होती. तेव्हाच्या तेव्हा कळलं असतं तर जोडता आल्या असत्या. आता टोकं आत ओढली गेली होती. दुसरीकडची दोरी काढून बसवायची म्हटली तरी मूठ पूर्ण मिटेल असं ती सांगू शकत नव्हती.

दोन शब्द. मूठ मिटा. याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तेवढं तोंडातून निघालं नाही त्या माणसाच्या, आणि मला म्हणे मनाचं आहे!

परतताना मावशी संतापल्या होत्या. "तुझ्या मनाचं कोन म्हनाला ना, त्याला मी बघते." नवऱ्याला मात्र हे पटेना. जेवताना म्हणाला, "आपण बाहेरची माणसं. डॉक्टरशी वैर घ्यायचं? उद्या पोरगी आजारी पडली तर कुठे नेशील?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही तीच भीती होती. पण घरी पोरीच्या दप्तराचा पट्टा धरायला गेले की तो बोटांतून निसटायचा, आणि भीतीच्या वर राग यायचा.

मावशींच्या चर्चमधल्या ओळखीने वसईच्या एका वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आधी माझा राग जरा खाली बसवला. म्हणाल्या, "डॉक्टर चुकला एवढ्यावर दावा होत नाही. बरा न होणारा पेशंटही असतो. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. कुठल्याही साध्या डॉक्टरने जे केलंच असतं, ते याने केलं नाही, ही एक. आणि हाताचं नुकसान त्याच्यामुळेच झालं, ही दुसरी. दुसरी जास्त अवघड असते." ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तीत आम्ही होतो. उपचारांचे कागद मागणं हा पेशंटचा हक्क, हेही मला तिथेच कळलं. मला वाटायचं, ते कागद हॉस्पिटलचे.

कागदांसाठी खेटे घातले. 'साहेब बाहेर आहेत', 'साहेब ऑपरेशनमध्ये आहेत', 'कशाला हवेत, विमा आहे का?' वकीलबाईंनी लेखी मागितल्यावर मिळाले. मुठीबद्दल त्यांत एक अक्षर नव्हतं.

मग दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं होतं. बोळिंजच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि स्वच्छ सांगितलं, "सरळ चूक आहे. शिकाऊ मुलगासुद्धा बोटं हलवायला लावतो." मी म्हटलं, "एवढंच लिहून द्याल?" त्यांनी माझा हात सोडला. "अहो, मला इथेच प्रॅक्टिस करायचीय." खोलीत खरं, कागदावर नाही! ते डॉक्टर वाईट नव्हते. पाणी विचारलं, फी घेतली नाही. तरीही त्या दिवशी मला पहिल्या डॉक्टरापेक्षा त्यांचा राग जास्त आला.

शेवटी लिहून दिलं त्या मुंबईच्या डॉक्टरबाईनेच. "मी जे तपासलं तेच लिहीन, एक शब्द जास्त नाही," म्हणाली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर खुर्ची मागे घेतली तिने. "अहो, नका. पुढचा पेशंट पाठवा."

नोटीस गेल्यावर हॉस्पिटलातून फोन आला. मोठे डॉक्टर स्वतः बोलवत होते. मी आणि मावशी गेलो. केबिनमध्ये चहा आला, बिस्किटं आली. डॉक्टर एकदम गोड बोलले. "ताई, झालं ते झालं. माणुसकी म्हणून आम्ही तुम्हाला काहीतरी मदत करतो. तुम्ही फक्त तक्रार नाही असं लिहून द्या."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "उपकार होतील..."

मावशींनी टेबलाखाली माझ्या मांडीला असा चिमटा काढला की चहा सांडला.

"मदत?" त्या म्हणाल्या. "मदत कसली? आमच्या घरात काय पानी शिरलंय?"

डॉक्टर हसले. मला त्यांचं ते पहिल्या दिवसाचं हसणं आठवलं. का कोण जाणे, मी म्हटलं, "साहेब, मदत नको. भरपाई असं लिहाल का?"

"आता शब्दात काय आहे, ताई?"

"काही नसेल तर लिहा ना."

त्यांनी कप खाली ठेवला. "तो शब्द नाही लिहिता येणार. भरपाई म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. वाटल्यास आकडा वाढवू. पण शब्द मदतच."

इतका वेळ मला वाटत होतं की शब्द स्वस्त आणि पैसा महाग. हा माणूस पैसा वाढवायला तयार होता, शब्द सोडायला तयार नव्हता. मदत घेतली की हात जोडायचे आणि माझ्या मोडक्या हातानेच त्यांचे आभार मानायचे. तसं मी नेहमीच करत आले होते. मी उठले. जिन्यात मावशींचा खांदा धरला. पण खाली आल्यावर मला रडू आलं नाही, याचंच नवल वाटलं.

मग आमची तक्रार आयोगात गेली, आणि त्याचंच उत्तर म्हणून त्यांच्या वकिलांनी आयोगासमोर पेढे काढले.

आमच्या वकीलबाई उठणार तेवढ्यात समोरच्या सदस्य मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उभी राहिले. "मॅडम, पेढे मी दिले. जखम सुकली म्हणून दिले. मूठ मिटली असती तर पुन्हा दिले असते. मिटली नाही तरी मी ते परत मागितले नाहीत. यांनी पेढे खाल्ले, आणि आता तेच माझ्यावर टाकतायत. माझ्या हाताबद्दल कोणी बोलतच नाही."

खोलीत कोणीतरी हसू दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मूठ मिटून दाखवा."

मी हात वर करून मूठ मिटली. ती दोन बोटं सगळ्यांसमोर सरळ उभी राहिली. मॅडमनी लिहून घेतलं. हे त्या हॉस्पिटलात व्हायला हवं होतं, टॉवेलातून रक्त ठिबकत असताना.

निकाल लागला तेव्हा मी घरीच होते. वकीलबाईंचा फोन आला. आपण मागितली होती त्यापेक्षा रक्कम कमी आहे, आणि ते वर अपिलात जाऊ शकतात, असं त्या सांगत होत्या. मी मध्येच विचारलं, "भरपाई असंच लिहिलंय ना?"

"हो."

"आणि निष्काळजीपणा?"

"तोही आहे. हॉस्पिटलचा निष्काळजीपणा, त्याबद्दल भरपाई."

मी ते दोन शब्द मोठ्याने म्हणून बघितले. नवऱ्याने टेम्पोची किल्ली उचलली. "पेढे आणू का गं?"

मावशी दारातूनच ओरडल्या, "आन, पन त्या हॉस्पिटलवरून नको येऊस. परत पुरावा होईल!"

मी वकीलबाईंना पेढे दिले, मुंबईला जाऊन डॉक्टरबाईंना दिले, मावशींच्या पाया पडले. गावाला आईला फोन करून सांगितलं. रक्कम अजून आलेली नाही. अपील झालं तर आणखी वाट बघू. पण ती येईल तेव्हा मी कोणाचेही आभार मानणार नाही.