मशीनसाठी घडीचं टेबल

घडीचं टेबल ज्याने पहिल्यांदा बनवलं, त्याने आयुष्यात एक बाहीसुद्धा शिवली नसणार. शिवली असती तर त्याला कळलं असतं की शिलाई मशीन टेबलावर नुसती बसत नाही, ती धावते. बाजारातली ही टेबलं बघावीत तर त्यांवर कुणाला लॅपटॉप ठेवायचा असतो, कुणाला चहाचा कप, कुणाला पोराची वही. मशीनचा विचार कुणाच्या डोक्याला शिवलेला दिसत नाही.

मला हे टेबल घ्यायची हौस नव्हती. तीस वर्षं मी नंदनवन वस्तीतल्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत बसून पायमशीनवर बायकांचे ब्लाउज शिवले. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी पायमशीन बंद करायला सांगितली, म्हणून मी मशीनला मोटर बसवून घेतली. त्याच सुमारास मुलाने तिथेच जवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅट म्हणजे सोफा आणि टीव्ही यांचं घर. माणसांनी उरलेल्या जागेत अंग चोरून वावरायचं. मशीनचं लोखंडी स्टँड तिथे आलं आणि मुलाच्या पोटात दुखायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते लागतं म्हणे. येणारा-जाणारा कोण, तर हाच.

एक दिवस त्याने सांगून टाकलं. "आई, घडीचं टेबल घे. काम झालं का मिटवून पलंगाखाली सरकव. नाही जमत असन तं मशीन देऊन टाकू कोणाले. अजून किती दिवस शिवशीन?"

हे तो मोबाइलमधून मान वर न काढता बोलला. मला फार लागलं ते. मशीन गेली तर त्या घरात मी कोण उरते? नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणारी आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकणारी. म्हणून टेबल घ्यायचं ठरवलं, आणि काही झालं तरी ते जमवायचं ठरवलं.

आधी सून मोबाइल घेऊन बसली. "आई, याले पाचपैकी साडेचार तारे आहेत." तारे कुणी दिले विचारलं, तर म्हणे घेणाऱ्यांनीच. खाली एकाने लिहिलं होतं, रंग छान आहे. मला काय रंगावर शिवायचं होतं? दुसऱ्या टेबलाला कप ठेवायचं भोक होतं. तिसऱ्याला चाकं होती. चाकांच्या टेबलावर मोटरची मशीन चालवली असती, तर एक ब्लाउज शिवून होईपर्यंत मी स्वयंपाकघरात पोचले असते. मी तिला मोबाइल ठेवून द्यायला लावला.

अस्तर आणायला गांधीबागेतल्या कापडबाजारात जायचंच होतं, तेव्हा सुनेला बरोबर घेतलं आणि तिथून फर्निचरची दुकानं पाहिली. पहिल्या दुकानातला माणूस थेट टेबलावर चढून उभा राहिला. "पाहा काकू, ऐंशी किलोचा माणूस उभा आहे!"

"उतर गा खाली," मी म्हटलं, "तुले थोडीच शिवाचं आहे मले."

तो उतरल्यावर मी एका बोटाने कोपरा ढकलला. टेबल पाळण्यासारखं झुलायला लागलं. त्या शहाण्याला वजन कळत होतं, हादरा कळत नव्हता.

पुढच्या दुकानात एक बरं टेबल दिसलं. जाड प्लायचं, चार लोखंडी पाय आत दुमडणारं. ढकललं, हललं नाही. मी घरून जुन्या स्टँडची लांबी, रुंदी, उंची चिठ्ठीवर लिहून नेली होती. पर्समधून टेप काढून मोजलं, तर उंची अगदी तंतोतंत. दुकानदार वयस्कर होता. तो म्हणाला, "ताई, खुर्ची देतो, एकदा बसून पाहा. मशीनची उंची धरून पाहा." मला हसू आलं. तीस वर्षं गळ्यात टेप घालून बसलेल्या बाईला हा माप शिकवणार! "माप घेऊनच आली मी, भाऊ," मी ऐकवलं. सूनही म्हणाली, "बसून पाहा न, आई." तिच्यावर मी डोळे वटारले.

घरी येऊन मशीन मांडली, समोर बसले, तर सुई पार छातीसमोर आली. जुन्या स्टँडमध्ये मशीन फळीच्या आत उतरलेली असते. इथे ती आपल्या लाकडी बैठकीसकट टेबलाच्या वर चढून बसली होती, म्हणजे चांगली चार बोटं उंच. स्टूल उंच घ्यावं तर मोटरच्या पेडलपर्यंत पाय पुरेना. खांदे कानांपर्यंत चढवून शिवावं लागत होतं. शेंबड्या पोराला कळावी अशी गोष्ट मला कळली नव्हती.

कबूल केलं असतं तर मुलाने संध्याकाळपर्यंत मशीन कुणाला तरी देऊन टाकली असती. म्हणून आठ दिवस तोंड दाबून शिवत राहिले. मान धरली. एका ब्लाउजचा, जिथे बाही बसते तो मुंढा वाकडा गेला. तो उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा वाकडा गेला. मुलगा विचारायचा, "कसं आहे टेबल?" मी म्हणायचे, "मस्त."

सुनेला सगळं दिसत होतं. नवव्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर तिने माझाच टेप उचलला आणि विचारलं, "आई, मापाले जुना ब्लाउज घेऊन बाई आली का तुम्ही तिले काय म्हणता?"

मी काय म्हणते ते तिला पाठ होतं. आमच्या बायका अंगाचं माप देत नाहीत, एक जुना ब्लाउज आणून टाकतात, आणि तो निम्म्या वेळा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला असतो. मी तो त्यांच्या अंगाला लावायचे आणि चारचौघींत म्हणायचे, "हे माप आता तुमचं नाही राहिलं, बाई. घरात आरसा आहे का नाही?"

"तुम्ही स्टँडचं माप नेलं," सून म्हणाली. "तुमचं काहून नाही नेलं?"

मला संताप आला, कारण तिचं खरं होतं. तिने मला स्टुलावर बसवलं, पाय पेडलवर ठेवायला लावले आणि टेप जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत धरला.

"सरळ बसा न, आई."

"बसली न वं सरळ."

तिने एकदा माझ्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग पुन्हा सरळ बसायला न सांगता जो आला तो आकडा तिने चिठ्ठीवर लिहून घेतला.

दुपारी तिनेच टेबल खाली वेल्डिंगवाल्याकडे नेलं, मशीनची सुईखालची पाटी त्या आकड्यावर येईल एवढे पाय कापून घेतले आणि त्यांना रबराची टोपणं बसवून आणली. मुलगा वॉरंटी गेली म्हणून दोन दिवस कुरकुरला. मशीन द्यायचं नाव मात्र त्याने पुन्हा काढलं नाही. आता मुंढा सरळ येतो.

मौद्याहून माझ्याकडे येणारी एक बाई हल्ली सारखी आठवते. मागच्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठून आली होती, आणि मापाला जुनाच ब्लाउज घेऊन आली होती. मी तो तिच्या अंगाला लावला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "यात तं तुमच्यासारख्या दोघी मावतीन." सगळ्या हसल्या. तीही हसली. तेव्हा मला वाटलं, तिलाही गंमत वाटली.