तांदळात लिहिलेलं नाव

आधी एका माणसाचे उपकार सांगतो, घटना मागून. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधले एक कारकून, रायगडच्या किनाऱ्याकडचे मुसलमान. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. ते नसते तर एका निरपराध बाईला मी माझ्या हाताने कोठडीत घातलं असतं.

मी साताऱ्याकडचा. दहावीत शाळा सुटली, पोलिसात भरती झालो. कुटुंब गावी आणि मी तुर्भ्यात एका खोलीत. हवालदार होतो, निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. मार्केटमधल्या खबऱ्याने कानावर घातलं, "साहेब, एक म्हातारी खोटी वंशावळ करून दुसऱ्याच घराण्याच्या भूखंडाला वारस लागतेय." दोन दिवसांनी त्याच घराण्यातला एक जण तक्रार घेऊन ठाण्यात हजर. म्हणाला, "माझी आत्या लहानपणीच तापाने गेली. ही बया कुठून उपटली?"

त्याने गावच्या जुन्या खानेसुमारीची, म्हणजे घरोघरच्या माणसांच्या यादीची, नक्कलही आणली होती. त्या घरात मुलगी एकच, नाव एका नदीचं. बाईच्या आधारकार्डावर आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर नाव होतं फुलाचं.

बाई सत्तरीची, मार्केटमध्ये लसूण निवडणारी. चौकशीला बसवली. यादीतलं नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, "मावशी, ही कोण?" तिने पदर तोंडाला लावला. "मी त्याच घरची हाय," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. चहाचा ग्लास टेबलावर तसाच राहिला. गप्प बसला तो गुन्हेगार, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. वरिष्ठ म्हणाले, "टेन्शन कशाला घेतोस? उद्या अटक दाखव."

पण कमी शिकलेल्या माणसाला कागदाची धास्ती असते. माझ्या सहीने काही चुकलं तर, या भीतीने मूळ वही बघायला मी रेकॉर्ड रूम गाठली. चाचांनी वही काढली. नाव तेच, नदीचं. वही मिटता मिटता त्यांनी विचारलं, "हवालदार, वहिनींचं माहेरचं नाव काय हो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, तिचं माहेरचं नाव वेगळंच होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मीच तिचं नवं नाव लिहिलं होतं.

चाचा म्हणाले, "आमच्यात नवरी स्वतःचं नाव घेऊनच सासरी जाते. तुमच्यात पोरीचं बारसं दोनदा. आणि ते मी सांगायचं?"

नुसत्या तर्काने अटक टळत नाही, पुरावा लागतो. त्या गावची लग्नं लावणाऱ्या भटजींचा नातू वाशीत राहतो, हे चाचांना ठाऊक होतं. अर्धी रजा टाकून ते माझ्याबरोबर आले. आजोबांच्या वह्या नातवाने माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. तासाभराने चाचांचं बोट एका ओळीवर थांबलं. वधूचं नाव नदीचं, बापाचं नाव जुळतं, पुढे 'सासरचे नाव' म्हणून फुलाचं. खाली मुलीकडून सही तिच्या भावाची, म्हणजे तक्रारदाराच्या बापाची.

दुसऱ्या दिवशी तक्रारदाराला बोलावलं. "सही ओळखता?" त्याने पाणी मागितलं. "बाबांची."

"मेलेल्या बहिणीचं लग्न लावलं होय बाबांनी? आणि खबऱ्याला माझ्याकडे कोणी धाडलं?"

तो गप्प बसला.

बाईला सोडताना विचारलं, "मावशी, पहिलंच का नाही सांगितलं?"

"दोन नावं सांगितली असती तर तुमी मला चोरच म्हनाला असता ना, साहेब."

ती म्हणाली ते खरंच होतं. मी तसंच म्हणालो असतो. घाबरलेला आणि दोषी, दोघंही सारखेच गप्प बसतात. ते मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. तोवर किती जणांचं गप्प बसणं मी चुकीचं वाचलं असेल, या विचाराने अजून धसका बसतो.

चाचांना विचारलं होतं, तुमच्यासाठी काय करू? ते हसले. त्यांच्या पणजोबांची बहीण साताऱ्याकडे दिली होती, तिच्या घराचा पुढे पत्ताच लागला नाही. इतरांच्या पिढ्या त्यांनी शोधून दिल्या, स्वतःची ही एक फांदी मात्र राहून गेली. आता मी गावी आहे. आमच्या तालुक्यातल्या दोन मशिदींतल्या निकाहच्या जुन्या वह्या बघून झाल्या, तिसरीकडे पुढच्या शुक्रवारी बोलावलंय. चाचा, थोडं थांबा. तिचं घर सापडलं की पहिला फोन तुम्हालाच करीन.