शून्य की नऊ

नवऱ्याने मोबाईलचा नंबर बदलला तेव्हा नसरापूरच्या दुकानात त्याने तासभर घालवला. नंबरातल्या आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसायला हवी, असा त्याचा हट्ट. बेरजेला नवाने भाग गेला की अख्ख्या दहा आकडी नंबराला जातो.

"रिचार्ज स्वस्त पडणार आहे का?" मी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

पुढच्याच आठवड्यात मी पासलीला चुलत सासूबाईंकडे भाताच्या लावणीला गेले. संध्याकाळी मला न्यायला तो टेम्पो घेऊन येणार होता. दुपारी माझा मोबाईल खाचरात पडून बंद झाला. दिवस कलताना दोन गडी चालत आले. म्हणाले, खालच्या वळणावर रस्त्याची कडा दरीत गेलीय, वरून डांबर दिसतं, पण खाली माती न्हाई.

भर पावसात त्याला ते दिसणार नव्हतं.

सासूबाईंच्या मोबाईलमध्ये त्याचा जुनाच नंबर. नवा मी आठवू लागले. नऊ आकडे आले, शेवटून तिसरा येईना. आलेल्यांची बेरीज केली: पंचेचाळीस. नवाच्या पाढ्यात न बसणारी बेरीज असती तर राहिलेला आकडा एकच निघाला असता. पंचेचाळीस आधीच नवाच्या पाढ्यातली, म्हणजे तिथे शून्य तरी किंवा नऊ तरी.

रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर. आधी नऊ घातला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. मग शून्य. एक अनोळखी माणूस "राँग नंबर" म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे नऊच. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही. तो निघाला होता. आणि मधले दोन आकडे मी उलटे धरले असतील तर? आकडे कसेही फिरवा, बेरीज तीच राहते आणि भाग जातोच. तसं असेल तर मी कुणा भलत्याच माणसाला फोन लावत बसले होते.

"लाव परत," सासूबाई म्हणाल्या. "हितं उभं राहून इचार करत बसू नको."

लावत राहिले. शेवटी उचलला.

"कोण हाय? सारका सारका फोन. गाडी चालवतोय."

"मी बोलतेय. आहे तिथंच थांबा."

"तू व्हय? ह्यो कुणाचा नंबर? थांबलोय. काय झालं?"

"कुठं आहात?"

"चढ संपला. फुडं वळण हाय."

मी रस्त्याचं सांगितलं. पलीकडे ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"मागं घेतो," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"फोन बंद करू नका."

त्याने तो बाजूला ठेवला असावा. रिव्हर्सचा गिअर पडलेला ऐकू आला, चाक चिखलात फिरलं, मग इंजिनाचा आवाज चढला. मी सासूबाईंचा हात धरला. मोबाईलवर रेंजची एकच काडी उरली होती.

"आलो मागं," तो म्हणाला. "चाकाला दगड लावतो, मंग जरा बसतो."